मनगटात तारा (के-वायर) घातल्यावर हात पूर्वीसारखा होतो का?

सावनी | ४ मार्च, रात्री १०.१५

आई ६३ वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात ओल्या फरशीवरून पाय सटकला, सावरायला उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. रेडियस हाडाचं मनगटाकडचं टोक तुटून मागे कलंडलं होतं. त्याच दिवशी भूल देऊन हाड ओढून बसवलं, प्लास्टर केलं. आठव्या दिवशीच्या एक्स-रेत ते पुन्हा सरकलेलं दिसलं.

आता दोन सर्जन, दोन मतं. एक म्हणतात, मोठी चीर न देता दोन-तीन तारा घालू, वरून प्लास्टर, पाच-सहा आठवड्यांनी तारा काढू. दुसरे म्हणतात, तारांचे दिवस गेले, सरळ चीर देऊन हाडावर धातूची प्लेट बसवा. परवापर्यंत ठरवायचं आहे.

आई रोज सकाळी दोन पानं लिहिते. गेली तीसेक वर्षं. तिने डॉक्टरांना एकच विचारलं, "पेन धरता येईल ना?" दोघंही "हो, हो" म्हणाले, पण इतक्या घाईने की माझं समाधान झालं नाही. ज्यांच्या हातात तारा होत्या त्यांनी सांगा, सहा महिन्यांनी, वर्षाने हात कसा होता? खरं सांगा, धीर देण्यासाठी गोड करून नको.


खडूफळा | ४ मार्च, रात्री ११.०२

सावनी, माझ्या उजव्या मनगटात तीन तारा होत्या. चार वर्षं झाली, तेव्हा वय ५१. आज फळ्यावर लिहिताना हा हात कधी मोडला होता हे आठवतही नाही. पण तिथवर यायला दहा महिने लागले, हेही सांगते.

ऑपरेशनचं फारसं काही नाही. मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन नुसता हात बधिर केला होता, मी जागी होते. तारांची टोकं कातडीबाहेर ठेवून वाकवली होती, त्यावर ड्रेसिंग, त्यावर प्लास्टर. पाचव्या आठवड्यात तारा काढल्या. भूल नाही, काही नाही. पक्कड बघून माझे पाय गार पडले, पण दुखण्यापेक्षा हाडातून काहीतरी सरकत बाहेर येतंय ही जाणीवच जास्त चमत्कारिक. तीन तारा मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

खरा धक्का त्यानंतर बसला. मला वाटलेलं, प्लास्टर निघालं की हात मोकळा. निघाला तो वाळका, खवले सुटलेला, मनगटात जराही न वाकणारा हात. मी त्याच्याकडे बघून रडले. हे तुझ्या आईला आधीच सांगून ठेव. मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तीन आठवडे समजत होते की ऑपरेशन फसलं.


निरंजन | ५ मार्च, सकाळी ७.३०

माझं मत प्लेटच्या बाजूने. दोन वर्षांपूर्वी मला प्लेट बसवली, दोन आठवड्यांत टाके निघाले आणि त्याच दिवसापासून मनगट हलवायला सुरुवात. प्लास्टरमध्ये सहा आठवडे अडकून पडायचं, वर तारांची टोकं बाहेर, त्यातून जंतुसंसर्गाची भीती. हे सगळं कशासाठी? आईंचा लिहिता हात आहे. त्यांना लवकर मोकळं करा.


अस्थिमित्र | ५ मार्च, सकाळी ९.१०

मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे. आईंचे एक्स-रे मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांनी काय करावं हे सांगणार नाही. पण "तारांचे दिवस गेले" हे विधान मला खटकलं, म्हणून लिहितो.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न घेऊन मोठी चाचणी झाली. १८ रुग्णालयं, ४६१ रुग्ण, सगळ्यांचं हाड आईंसारखंच मागे सरकलेलं. चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करून निम्म्यांना तारा, निम्म्यांना प्लेट. निकाल २०१४ साली प्रसिद्ध झाले. वर्षभराने दोन्ही गटांच्या हातांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

हात कसा आहे हे त्यांनी कसं मोजलं ते महत्त्वाचं आहे. एक्स-रेवरून नाही. रुग्णालाच १५ प्रश्न विचारले: पाच दुखण्याबद्दल, दहा कामांबद्दल. दाराची मूठ फिरवता येते का, शर्टाची बटणं लावता येतात का, खुर्चीवरून हातावर जोर देऊन उठता येतं का, वजन उचलता येतं का. बेरीज ० ते १००. ० म्हणजे काहीच त्रास नाही.

एक अट मात्र नीट वाचा. ज्यांचा सांध्याचा पृष्ठभागच फुटून विखुरला आहे आणि बाहेरून ओढून तो जुळत नाही, असे रुग्ण त्या चाचणीत नव्हते. तशा मोडीत चीर देऊन, डोळ्यांनी बघून तुकडे जुळवावे लागतात, तिथे तारांचा हट्ट धरू नये. मनगट पुढच्या बाजूला, म्हणजे तळहाताकडे सरकलं असेल तरीही सहसा प्लेटच लागते. तेव्हा दोन्ही सर्जनना एकच विचारा: "मोड सांध्यात गेली आहे का, आणि बाहेरून जुळेल का?"

निरंजन, तुम्ही लवकर मोकळे झालात हे खरं. प्लेटवाल्यांचे पहिले काही आठवडे बरे जातात. पुढे तारावाले त्यांना गाठतात.


निरंजन | ५ मार्च, सकाळी ९.४०

डॉक्टर, हे माहीत नव्हतं. तर मग माझ्या गोष्टीचा उरलेला भागही लिहायला हवा. दीड वर्षाने अंगठा वाकवताना मनगटात आत काहीतरी घासल्यासारखं व्हायला लागलं. प्लेटच्या कडेवर अंगठ्याची शीर (रक्तवाहिनी नव्हे, अंगठा हलवणारी दोरी, टेंडन) घासत होती. ती तुटायच्या आत प्लेट काढली, म्हणजे दुसरं ऑपरेशन. हात आज उत्तम आहे, प्लेटबद्दल तक्रारही नाही. पण वर लिहिताना ही गोष्ट मी गाळली, ते बरोबर केलं नाही.


तिठा | ५ मार्च, सकाळी ११.२५

तारा नाहीत, प्लेट नाही, नुसतं प्लास्टर हा तिसरा पर्याय कोणी घेतला का? माझ्या सासऱ्यांचं वय ७९. त्यांचं हाड थोडं वाकडंच जुळलं. मनगटावर अजून उंचवटा दिसतो, पण स्वतःची सगळी कामं स्वतः करतात.


अस्थिमित्र | ५ मार्च, दुपारी १.०५

हो, तेही तपासलं गेलं आहे. २०११ साली ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी ६५ वर्षांपुढच्या रुग्णांत प्लेट आणि प्लास्टर यांची तुलना केली. प्लेटवाल्यांचे एक्स-रे सुंदर, मुठीची ताकद थोडी जास्त. पण वर्षभराने रोजच्या कामांत फरक नाही.

२०२२ मध्ये ब्रिटनमधून आणखी एक चाचणी आली. हाड बसवल्यावर तारा घालायच्या की नीट घडवलेलं प्लास्टरच पुरे? ५०० रुग्ण. वर्षाअखेर दोन्ही गट सारखे. पण प्लास्टर गटात साधारण आठांतल्या एकाचं हाड पहिल्या सहा आठवड्यांत सरकलं आणि शेवटी ऑपरेशन करावं लागलं. तारांच्या गटात असं एकाच रुग्णाचं झालं. सावनीच्या आई त्या आठांतल्या एक निघाल्या असं समजा. प्लास्टरची संधी देऊन झाली आहे, त्यामुळे आता काहीतरी घालून धरावं असं दोन्ही सर्जनना वाटणं स्वाभाविक आहे.


पुराणवस्तू | ५ मार्च, दुपारी ३.५०

थोडं विषयांतर, पण मला राहवत नाही. या मोडीला कॉलिसची मोड म्हणतात. डब्लिनच्या एब्राहम कॉलिस या सर्जनने तिचं वर्णन १८१४ साली लिहिलं. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये! म्हणजे त्याच्या आधी ८१ वर्षं हा माणूस नुसत्या बोटांनी चाचपून सांगत होता की मनगट निखळलेलं नाही, हाड सांध्याच्या थोडं वर मोडलं आहे. आणि त्याने लिहून ठेवलंय की दुर्लक्ष झालेल्या हातातही पुढे केव्हातरी सगळ्या हालचाली परत येतात आणि दुखणं थांबतं, वाकडेपणा मात्र जन्मभर राहतो. तिठा यांच्या सासऱ्यांचं वर्णनच की.

आणि "के-वायर"मधला "के" म्हणजे मार्टिन किर्शनर, जर्मन सर्जन. तार १९०९ ची. एकशे दहा वर्षांहून जुनी वस्तू आजही तशीच्या तशी वापरात आहे, याचं मला फार कौतुक वाटतं.


अस्थिमित्र | ५ मार्च, सायंकाळी ५.१५

पुराणवस्तू, तुमच्यासाठी एक भर. १९७६ साली कापांजी या फ्रेंच सर्जनने तार थेट मोडीच्या फटीतच घालायची पद्धत सांगितली. फटीत घातलेली तार तरफेसारखी वापरायची, कलंडलेलं टोक उचलायचं आणि मग तीच तार पलीकडच्या कडेत रुतवायची. सी-आर्मच्या (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर हाड जागेवर येताना दिसतं, तेव्हा इतक्या वर्षांनंतरही मला आनंद होतो.


ऋजुता_आई | ५ मार्च, रात्री ८.३०

माझ्या मुलाला आठव्या वर्षी मनगटाजवळ एक तार घातली होती. चौथ्या आठवड्यात काढली. काढल्यावर त्याने डॉक्टरांना विचारलं, "ही राहू दिली असती तर मी थोडा तरी रोबोट झालो असतो का?" ती तार डबीत घालून घरी आणली, अजून आहे.

आमच्या डॉक्टरांनी तेव्हा समजावलं होतं की रेडियसची साधारण तीन चतुर्थांश वाढ मनगटाकडच्या टोकातून होते, म्हणून मुलांच्या हाडात थोडा बाक राहिला तरी वाढता वाढता सरळ होतो. त्याचा झाला. फिजिओथेरपीसुद्धा लागली नाही, तार काढल्यावर तिसऱ्या आठवड्यात पोरगा झाडावर होता.


खडूफळा | ५ मार्च, रात्री ८.४४

ऋजुता, माझी दहा महिन्यांची तपश्चर्या आणि तुझ्या लेकाचे तीन आठवडे! आठ वर्षांचं हाड मिळण्यासाठी कुठे अर्ज करायचा असतो?


रुपेरी | ६ मार्च, पहाटे १.२०

सावनीने खरं मागितलं आहे, म्हणून लिहिते.

माझ्या डाव्या मनगटात दोन तारा होत्या. तिसऱ्या आठवड्यात एका तारेपाशी ठणका लागला, प्लास्टरला वास यायला लागला. फोन केला तर "थोडं दुखणारच" म्हणाले. पाच दिवसांनी मी हट्टाने प्लास्टर कापून घेतलं, तेव्हा तारेभोवती पू होता. ती तार लवकर काढावी लागली, अँटिबायोटिक घ्यावं लागलं. तो संसर्ग वरवरचा होता, बरा झाला.

दुसरं प्रकरण त्याहून वाईट. पूर्ण हाताची आग आग व्हायची. वाऱ्याची झुळूक लागली तरी सहन होत नसे. हात कधी लाल, कधी जांभळट, कधी घामाने ओला, कातडी चकचकीत, बोटं फुगलेली. मला सांगत होते की हाड छान जुळलं आहे. जुळलं होतंच, एक्स-रे नमुनेदार होता. तीन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी त्याला नाव दिलं: सीआरपीएस. वेदनेच्या चेतासंस्थेचाच तोल बिघडतो. त्यानंतर औषधं आणि फिजिओथेरपी मिळून दीड वर्ष गेलं. आज हात ऐंशी टक्के आहे.

दोष तारांचा होता असं मी म्हणत नाही, नुसत्या प्लास्टरमध्येही हे होऊ शकतं. पण ते तीन महिने माझं कोणी ऐकलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही. आईचं दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. वाढत असेल तर थांबू नका. सर्जनच्या दाराशी जाऊन बसा.


हालचाल | ६ मार्च, सकाळी ६.५५

रुपेरी, रात्री एकला उठून हे लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. मी हाताची फिजिओथेरपी करते आणि तुमच्यासारखे रुग्ण उशिरा येतात तेव्हा फार हळहळ वाटते.

सावनी, तारा की प्लेट यावर तुम्ही जितका विचार करताय तितकाच पुढच्या सहा आठवड्यांत आईंची बोटं काय करतील यावर करा. प्लास्टर मनगटाला असतं. बोटं, अंगठा, कोपर, खांदा यांना सुट्टी नसते. माझ्याकडे येणाऱ्यांतल्या कित्येकांचं मनगट ठीक असतं, आणि बोटं मात्र लाकडासारखी. कारण कोणीतरी सांगितलेलं असतं, "हात अजिबात हलवू नका."

शुद्धीवर आल्यापासून, जाग असेपर्यंत दर तासाला हे दहा-दहा वेळा: बोटं ताठ सरळ. मग फक्त पेरं वाकवून आकडीसारखी. मग बोटं सरळ ठेवून फक्त मुळातून वाकवायची. मग पूर्ण मूठ. मग बोटं पंख्यासारखी फाकवायची. शेवटी अंगठा एकेका बोटाच्या टोकाला, अगदी करंगळीपर्यंत. प्लास्टर तळहाताच्या घडीच्या पुढे आल्याने मूठ वळत नसेल तर ते छाटून घ्या, लाजू नका. हात झोळीत लटकवून ठेवू नका, उशीवर हृदयापेक्षा उंच ठेवा. झोळी बाहेर जाताना. दिवसातून चार वेळा हात डोक्यावर, नाहीतर खांदा आखडतो आणि तो मनगटापेक्षा जास्त छळतो.

अंगठ्या काढल्या आहेत ना? आजच काढा.


सावनी | ६ मार्च, दुपारी २.१०

अंगठी काढली. साबण लावून, पंधरा मिनिटं झगडून. कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

दोन्ही डॉक्टरांना अस्थिमित्रांचा प्रश्न विचारला. मोड सांध्यात गेलेली नाही. प्लेट सुचवणाऱ्या डॉक्टरांनीही मान्य केलं की बाहेरून जुळेल. आईला चीर नको आहे. उद्या सकाळी तारा.


निवांत | ६ मार्च, दुपारी २.३०

शुभेच्छा! आईंना सांगा, डाव्या हाताने दात घासायचा सराव आज रात्रीपासूनच सुरू करा. पहिल्या दिवशी मी नाक घासलं होतं.


सावनी | ११ मार्च, रात्री ९.००

तीन तारा. दोन अंगठ्याकडच्या टोकावरून, एक मागून. आई पहिल्याच संध्याकाळी बोटं मोजत बसली. अंगठा करंगळीपर्यंत पोचत नाही, अनामिकेपर्यंत जातो. अंगठ्याच्या पाठीमागे एक पट्टा बधिर आहे. घाबरावं का?


अस्थिमित्र | ११ मार्च, रात्री १०.२०

त्या बाजूने कातडीची संवेदना नेणारी एक बारीक नस जाते, तार घालताना ती दुखावू शकते. बहुतेक वेळा हळूहळू पूर्ववत होते. सर्जनना कळवून नोंद करून ठेवा. बोटं निळी पडली, सगळीच बधिर झाली किंवा कोणी बोटं नुसती सरळ केली तरी असह्य कळ आली, तर मात्र वेळ कोणतीही असो, ताबडतोब रुग्णालयात.


कातरवेळ | १२ मार्च, सकाळी ८.१५

व्हिटॅमिन सी सुरू करा. रोज ५०० मिलिग्रॅम, ५० दिवस. रुपेरींना झालं ते टळतं, हे सिद्ध झालेलं आहे.


अस्थिमित्र | १२ मार्च, दुपारी १२.४०

"सिद्ध" म्हणू नका. १९९९ मध्ये डच डॉक्टरांच्या अभ्यासात फायदा दिसला, २००७ मध्येही दिसला. २०१४ च्या एडिंबरोच्या चाचणीत दिसला नाही. मी रुग्णांना स्वतःहून देत नाही, कोणी विचारलं तर मूत्रपिंडाचा त्रास किंवा मूतखडा नाही ना हे बघून अडवतही नाही.


कातरवेळ | १२ मार्च, दुपारी १.००

मान्य. माझ्या डॉक्टरांनी दिलं होतं आणि मला ते झालं नाही, म्हणून मी ठामपणे लिहिलं. पण न घेताही बहुतेकांना होत नाहीच, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.


सायंतारा | १२ मार्च, दुपारी ४.३०

कोणी विचारत नाहीये म्हणून मी विचारते. आई उभ्या उभ्या घसरल्या आणि एवढं मोठं हाड मोडलं. हाडांची घनता तपासली का?

माझ्या आईचं ६१ व्या वर्षी मनगट मोडलं, तारा घातल्या, दोन महिन्यांत बरी झाली, सगळे विसरलो. ६८ व्या वर्षी खुबा मोडला. तेव्हा कळलं की मनगट ही पहिली सूचना होती. सात वर्षं आमच्या हातात होती, त्यात एक डेक्सा स्कॅन आणि औषध झालं असतं. कोणी सांगितलं नाही, हे खरं. आम्हीही विचारलं नाही.


अस्थिमित्र | १२ मार्च, सायंकाळी ६.००

हा सगळ्या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद आहे आणि तो माझ्याकडून आला नाही, याची मला खंत वाटते. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं की ते ठिसूळपणाचं लक्षण धरायचं आणि तपासायचं. डेक्सामध्ये टी-स्कोअर (निरोगी तरुणांच्या हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. मनगट साधारण पन्नाशी-साठीत मोडतं, खुबा त्यानंतर. मधली वर्षं हीच उपचाराची संधी. सावनी, तारा निघायच्या आत हे करून घ्या.


सावनी | १६ एप्रिल, रात्री १०.४०

काल तारा काढल्या. खडूफळा, अगदी तुम्ही लिहिलंत तसंच. पक्कड बघून आईने डोळे मिटले, उघडेपर्यंत झालं होतं.

पण हात बघवत नाही. मनगट वर-खाली जेमतेम हलतं. तळहात उताणा होत नाही, ओंजळ धरताच येत नाही. आज सकाळी तिने वही उघडली, पेन घेतलं, एक ओळ लिहिली आणि वही मिटून ठेवली. अक्षर तिचं नव्हतं. दुपारभर कोणाशी बोलली नाही. सगळं माहीत असूनही मी हलले आहे.

डेक्सा झाला. उणे २.८. औषध सुरू होतंय. सायंतारा, तुमचे आभार कसे मानू?


खडूफळा | १६ एप्रिल, रात्री १०.५५

आईला माझा निरोप दे. माझी पहिली सही बँकेने परत पाठवली होती. सहाव्या आठवड्यातल्या हातावरून काहीही ठरवायचं नाही. तिला म्हणावं, ओळ पुरे. उद्या पुन्हा एक ओळ. आणि तारीख घाल.


हालचाल | १७ एप्रिल, सकाळी ७.१०

तळहात उताणा होणं सगळ्यांचंच उशिरा येतं. कोपर बरगडीला टेकवून, काटकोनात, हातात हलकी पट्टी धरून तळवा हळूहळू वर, मग खाली. कोपर सुटलं की खांदा फसवतो, म्हणून काखेत घडी केलेला रुमाल धरायला सांगा. रुमाल पडला तर मोजायचं नाही. आधी कोमट पाण्यात दहा मिनिटं हात. दुसऱ्याने जोर लावून वाकवायचं नाही, चोळून-मोडून तर अजिबात नाही. व्यायामानंतर अर्ध्या-एक तासात दुखणं ओसरलं तर प्रमाण बरोबर, रात्रभर ठणकलं तर उद्या कमी.

लिहिण्यासाठी पेनला कापड गुंडाळून जाड करा. बारीक पेन धरायला जास्त जोर लागतो. मुठीची ताकद सगळ्यात शेवटी येते, तिची आत्ता वाट बघू नका.


अंगठेबहाद्दर | १७ एप्रिल, दुपारी १२.२०

एक लक्षात ठेवा, माझ्या बाबतीत झालं म्हणून सांगतो. सातव्या आठवड्यात, सगळं छान चाललेलं असताना, एका सकाळी अंगठा वर उचलेना. दुखलं नाही, पडलो नाही. अंगठा उचलणारी शीर हाडाच्या खडबडीत जागी घासून तुटली होती. गंमत म्हणजे माझी मोड साधी होती, सरकलेलीसुद्धा नव्हती, तारा नाहीत, नुसतं प्लास्टर. तर्जनीची एक जादा शीर अंगठ्याला जोडून दिली. आता अंगठा उचलतो. सुरुवातीचे काही दिवस अंगठा उचलायला तर्जनी दाखवायचा विचार करावा लागे, मग मेंदूच शिकला.

रोज सकाळी आईंना तळहात टेबलावर पालथा ठेवून अंगठा वर उचलायला सांगा. एक सेकंदाचं काम आहे.


रुपेरी | १७ एप्रिल, रात्री ९.३०

सावनी, मला फक्त इतकंच सांग: आग होते का? रंग बदलतो का? स्पर्श सहन होतो का?


सावनी | १७ एप्रिल, रात्री ९.४५

आग नाही. रंग सारखा आहे. आज भाची हात धरून बसली होती, आईने धरू दिला. अंगठा वर उचलता येतो.


रुपेरी | १७ एप्रिल, रात्री ९.५०

मग हा फक्त आखडलेला हात आहे. तो सुटतो. झोप आता.


सावनी | ९ सप्टेंबर, सकाळी ११.००

सहा महिने झाले. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता मीच द्यायला हवं.

काल अस्थिमित्रांनी सांगितलेले ते १५ प्रश्न डॉक्टरांकडून मागून घेतले आणि आईला विचारले. दार उघडणं, बटणं, सुरीने कापणं: शून्य त्रास. ओला टॉवेल पिळणं: थोडा. खुर्चीवरून हातावर जोर देऊन उठणं: अजून दुखतं, ती डाव्या हाताने उठते. जड पिशवी उजव्या हातात घेत नाही. सगळी बेरीज १६. तळहात पूर्ण उताणा होतो. मनगट मागे वाकताना डाव्यापेक्षा थोडं कमी वाकतं, दोन्ही हात जोडले की कळतं. अंगठ्यामागचा बधिर पट्टा बोटभर होता, आता नखाएवढा उरलाय. मनगटावर तीन बारीक डाग आहेत, तिथे तारा होत्या हे सांगावं लागतं.

हाडांचं औषध चालू आहे. न्हाणीघरात आधाराची दांडी बसवली.

खडूफळांनी सांगितल्याप्रमाणे तिने रोज तारीख घालून एक ओळ लिहिली. मेमध्ये दोन ओळी, जूनमध्ये अर्धं पान. वही चाळली तर अक्षर सावकाश परत येताना दिसतं: आधी वेलांट्या सुधारल्या, मग काने सरळ झाले, जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. काल दोन पानं पूर्ण झाली. तिचं म्हणणं, "ळ" अजून पूर्वीसारखा येत नाही. मला फरक दिसत नाही, पण तिला दिसतो, म्हणून तो रोज दहादा गिरवते.


खडूफळा | ९ सप्टेंबर, सकाळी ११.१२

"ळ" मलाही नवव्या महिन्यात आला. सांग तिला.